एक ओळ पांढरी

तिसऱ्या खेपेलाही सगळ्या ओळी लालच आल्या. एक सोडून.

काचेपलीकडच्या कारकुनानं पडदा फिरवला आणि "आता यात मी काय करू, तुम्हीच सांगा" असा चेहरा केला. स्मृतिवाचन केंद्रात बहुधा या चेहऱ्याचाच पगार मिळतो. हेमांगी तारळेकर पहिली बस पकडून इचलकरंजीहून कोल्हापूरला आली होती, दोन तास टोपी घालून बसली होती, नि आता तिची आठवण तिच्याच समोर ओळीखाली ओळ पसरली होती, मिरच्या वाळत घातल्यासारखी लालेलाल. साक्ष नामंजूर, कारकून म्हणाला. सहा महिन्यांनी परत या. येताना डोक्याला तेल लावू नका, टोपीचे बिंदू नीट चिकटत नाहीत. तिनं सांगितलं की तेल लावलेलंच नाही, मागच्या खेपेलाही नव्हतं. त्यावर तो म्हणाला, सगळ्यांना सांगावं लागतं.

ही टोपीची भानगड काय ते आधी सांगायला हवं. माणूस एखादा प्रसंग आठवतो तेव्हा मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यात बारीक बारीक विजेच्या लहरी उठतात. कुठली लहर म्हणजे 'काकू' आणि कुठली म्हणजे 'कुत्रं', हे ओळखायला यंत्रं शिकली त्यालाही आता पंधराएक वर्षं होऊन गेली. तेव्हापासून गंभीर खटल्यांत साक्षीदारानं तोंड उघडायचंच नाही असा कायदा झाला. डोळे मिटून बसायचं, प्रसंग आठवायचा, यंत्र तो अक्षरांत उतरवून घेतं. प्रसंगाचा एक तुकडा म्हणजे एक ओळ. या लिखाणाला स्मृतिपाठ म्हणतात. हे आलं तेव्हा वकिलांना वाटलं होतं, आता खोट्या साक्षींचा धंदा बसला. वकिलांना काय, काहीही वाटतं.

पण कायदा जात्याच संशयी. एकदा वाचलं ते खरं कशावरून? म्हणून मध्ये सहा महिने सोडून दुसऱ्यांदा वाचायचं, आणि दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायचे. ओळ जशीच्या तशी असली तर पांढरी राहते, बदलली असली तर लाल होते. निम्म्याहून जास्त ओळी लाल झाल्या की आख्खी साक्ष केराच्या टोपलीत. ऐकायला बरं वाटतं. गंमत अशी, की हे ताडून बघणारा प्रोग्राम जुना, सरकारी, कधीकाळी कार्यालयातले मसुदे तपासायला केलेला. ओळ सारखी की वेगळी, एवढंच त्याला कळायचं. हेमांगीच्या पाठात आईची साडी पहिल्या वाचनात पिवळी होती, दुसऱ्यात हळदी झाली, ओळ लाल. शेजारचं कुत्रं आधी दोनदा भुंकलं, मग नुसतंच भुंकलं, ओळ लाल. एक अक्षर हललं काय नि सगळं वाक्य उलटं झालं काय, त्याला सारखंच. बोटाला खरचटलं म्हणून खांद्यापासून हात कापणारा हा न्याय, आणि त्याचं नाव वस्तुनिष्ठ पद्धत.

हेमांगीच्या डोक्यात तिडीक गेली ती उगीच नव्हे. तिचा थोरला भाऊ सुदर्शन वीस वर्षं तुरुंगात होता. मरेपर्यंत जन्मठेप. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक सायझिंग होतं, म्हणजे मागावर चढायच्या आधी सुताला जिथं खळ लावून ताठ करतात तो कारखाना. त्याला एका संध्याकाळी आग लागली आणि आत झोपलेला रखवालदार जळून मेला. आठवडाभर आधी मालकानं सुदर्शनला कामावरून काढलं होतं, नि सुदर्शन चारचौघांत त्याला 'बघून घेतो' म्हणाला होता. इचलकरंजीत रोज शंभर माणसं कुणाला ना कुणाला बघून घेतो म्हणतात. पण त्या आठवड्यात आग एकच लागली. आग भडकली त्याच घटकेला त्याच्यासारखा शर्ट घातलेलं कुणीतरी भिंतीवरून उडी टाकताना दिसलं म्हणे, आणि खेळ खलास.

हेमांगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि तिनं भावाला पाहिलं होतं. आग दिसल्या दिसल्या कारखान्याचा भोंगा झाला. तो साऱ्या गावानं ऐकला. त्या वेळी सुदर्शन कुठं होता हे तिच्या पाठात स्वच्छ लिहून आलं होतं: "सायझिंगचा भोंगा झाला तेव्हा दादा परसात बसून माझ्या सायकलची चेन बसवत होता." भोंगा होताना जो परसात बसलाय तो गावाच्या पलीकडं आग कशी लावेल? जुन्या कोर्टानं हे ऐकूनच घेतलं नाही. पोर लहान, त्यात सख्खी बहीण. नव्या कायद्यानं लहानपणी पाहिलेलंही वाचता येऊ लागलं, म्हणून तर तिनं धावाधाव सुरू केली. आणि आता बघा नशीब. तिन्ही वाचनांत तीच एक ओळ जशीच्या तशी, पांढरी, खणखणीत. बाकी त्या संध्याकाळची चुलीवरची आमटी, शेजारचं कुत्रं, हाक मारणाऱ्या काकू, आईची साडी, सगळी लाल. ज्या ओळीसाठी एवढी उठाठेव तिच्यात खोट नाही, आणि आमटीपायी भाऊ आत.

पुण्याच्या एका संस्थेत डॉ. पद्मजा मणेरीकर नावाच्या बाईंनी ताडून बघायची नवी रीत काढलीय, असं तिनं पेपरात वाचलं आणि पुढच्या रविवारी ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. बाई पन्नाशीच्या, मूळच्या वेंगुर्ल्याच्या, बोलायला तुटक पण मनानं वाईट नव्हत्या. आधी त्यांनी सांगून पाहिलं की मी कोर्ट नव्हे, तुम्ही वकिलाकडं जा. हेमांगी म्हणाली, वकिलाकडूनच दमून आलेय. मग बाईंनी तिला आत घेतलं, आणि ती करते काय ते विचारलं.

"कापड तपासते. खाली दिवा असलेल्या टेबलावरून कापड सरकतं. दोष दिसला की खूण करायची."

"दोष दिसला तर आख्खा तागा फेकता?"

"तागा कशाला फेकू? जिथं धागा तुटलाय तिथं खूण करते."

"मग झालं तर. माझा प्रोग्राम तेवढंच करतो."

मणेरीकरबाईंनी समजावलं ते असं. आधी जुन्या पाठातली कुठली ओळ नव्यातल्या कुठल्या ओळीची जोडीदार, हे ठरवायचं. इथवर जुना प्रोग्रामही येतो, आणि इथंच हात झटकून उभा राहतो. खरं काम पुढं असतं. बदललेली ओळ टाकून द्यायची नाही, तिच्या आत शिरायचं. दोन्ही ओळींत जी अक्षरं त्याच क्रमानं आलीत ती एकमेकांशी जुळवत जायचं, जुळली ती पांढरीच ठेवायची, नि जी उरतील तेवढीच रंगवायची. म्हणजे 'पिवळी'च्या जागी 'हळदी' आलं तर लाल ठिपका त्या शब्दावर. आईनं साडी नेसली होती हे दोन्हीकडं आहे, ते पांढरंच. याला त्या अक्षरतुलना म्हणत. आणि एका पाठात अशा ठिपक्यांचं प्रमाण किती, त्याला थरथर.

हेमांगीनं विचारलं, "पण मुळात बदलतं का? मी काय खोटं आठवते?"

बाई हसल्या. रोज आमटी तुम्हीच करता, त्यांनी विचारलं, पण रोज अगदी तीच होते का? हेमांगी म्हणाली, मीठ इकडं तिकडं होतं. आठवणीचंही तसंच असतं, बाई म्हणाल्या. ती फडताळात ठेवलेली वस्तू नसते. आठवायची वेळ आली की मेंदू ती नव्यानं करतो, आणि दर खेपेला चिमूटभर काहीतरी बदलतं. त्यात खोटेपणा काही नाही.

कोर्टात अक्षरतुलनेला परवानगी होती, पण साक्षीदारानं स्वतः मागितली तर. हेमांगीनं मागितली. पुढचं वर्षभर काय झालं ते सांगत बसलो तर तुमचंही डोकं उठेल. अर्ज मराठीत केला तर म्हणाले विहित नमुन्यात करा, विहित नमुन्यात केला तर म्हणाले नमुना बदललाय. एकदा साहेब रजेवर, एकदा यंत्रणा बंद, एकदा दोन्ही चालू तर फाईल पुण्याला. मालकानं तिला कामावर किती खाडे करणार म्हणून विचारलं. आईनं नवस बोलून झाले. शेवटी मंजुरी आली, त्यात बारीक अक्षरांत एक अट होती, की तज्ज्ञाचा अहवाल येईल तो पुरा स्वीकारावा लागेल, सोयीचा तेवढा घेता येणार नाही. हेमांगीनं सही ठोकली. तिला अहवालाची भीती कसली?

चौथं वाचन झालं. या खेपेला पडदा फिरला तेव्हा तो लाल नव्हता. पांढऱ्या ओळींवर इथं तिथं बारके ठिपके होते, एवढंच. साडीवर एक. कुत्र्यावर एक. काकूंच्या हाक मारण्यावर दोन. बाकी सगळं जागच्या जागी, तिची आख्खी संध्याकाळ. "चांगलं आलंय की," कारकूनसुद्धा म्हणाला. हेमांगीला रडू फुटलं. बसस्टँडवर तिनं आईला फोन करून सांगितलं की दादा सुटणार, आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायला आई विसरली.

तिसऱ्या दिवशी मणेरीकरबाईंनी तिला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा सांगितला. एवढं आगतस्वागत बघून ती खुर्चीच्या टोकावरच बसली.

बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला आणि भोंग्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "यात एकही ठिपका नाही."

"होय. सगळ्यात पक्की आहे ती."

"चार वाचनं झाली. दोन वर्षांत एक अक्षर हललेलं नाही. हेमांगी, मी शेकडो माणसांचे पाठ तपासलेत. जिवंत आठवण थरथरते. आईचं मरण असो की लग्नाचा दिवस, ठिपके येतातच. जी ओळ अजिबात थरथरत नाही ती पाठ केलेली असते."

हेमांगीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. ढ प्रोग्राम म्हणत होता आमटी खोटी नि भाऊ खरा, शहाणा प्रोग्राम म्हणतो आमटी खरी नि भाऊ खोटा. मग शहाण्याच्या पाया पडायला मी वर्षभर चपला झिजवल्या त्या कशासाठी? बाईंनी तिला बोलू दिलं. अहवालात अशा ओळीला 'पाठीव' म्हणावंच लागतं, त्या म्हणाल्या, आणि पाठीव ओळ कोर्ट धरत नाही. बाकीची साक्ष मंजूर होईल. साडी, कुत्रं, काकू, सगळं.

"म्हणजे ती ओळ खोटी आहे असं लिहिणार तुम्ही."

"खोटी आहे असं मी म्हणतच नाही. खरी असेल, खोटी असेल, यंत्राला त्यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की ही ओळ तुम्ही आठवत नाही. म्हणता."

घरी आली ती धुमसतच. आई मागच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होती. हेमांगीनं पिशवी आपटली आणि सरळ विचारलं, की हे वाक्य मला कुणी पाठ करायला लावलं होतं का. आईनं मान वर केली नाही. पण हातातली शेंग फोडायची थांबली.

आता तारळेकरांच्या घरी काय, त्या गल्लीत घरोघरी चालायचं ते असं. दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला की पोरांनी हात जोडून बसायचं नि परवचा म्हणायचा. आधी शुभं करोति, मग पाढे, बे पासून तीसपर्यंत. वडीलधारं माणूस कामं करता करता कान देऊन असायचं, कुठं अडखळलं की परत पहिल्यापासून. एकोणतीसचा पाढा अडल्याशिवाय कुणाचं बालपण गेलं नाही. सुदर्शनला पोलीस घेऊन गेले त्या आठवड्यापासून आईनं हेमांगीच्या परवच्यात तिसाच्या पाढ्यानंतर आणखी एक वाक्य घातलं. भोंगा झाला तेव्हा. ते म्हटल्याशिवाय ताट वाढायचं नाही. पोरगी न्हाती-धुती होईपर्यंत हे चाललं. मग परवचा सुटला, पण वाक्य पाढ्यांसारखंच आत जाऊन बसलं. आणि शिकवलेलं आहे हे पाढ्यांसारखंच विसरलं गेलं. नाहीतरी बारा सत्ते चौऱ्याऐंशी हे आपल्याला कुणी, कुठं बसून शिकवलं, कुणाला सांगता येतं?

"मला खोटं शिकवलंस तू," हेमांगी म्हणाली.

"खोटं कशाला शिकवीन गं? आठ वर्सांचं लेकरू तू. चार महिन्यांत इसरली असतीस. कोर्ट एक ना एक दिवस तुला इचारंल, तवा ते तुझ्या तोंडात असावं, म्हणून रोज म्हणून घेतलं. पाढं इसरत न्हाईत, म्हटलं हेबी इसरणार न्हाई."

"मग पहिल्यांदा ते कुणी म्हटलं? मी येऊन तुला सांगितलं, की तू मला सांगितलंस?"

आईनं टरफलं पदरात गोळा केली, पुन्हा सुपात टाकली, पुन्हा गोळा केली. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"त्ये आता कुठलं आठवाया," ती म्हणाली.

हेमांगी त्या दिवशी जेवली नाही. राग आईवर होता, बाईंवर होता, टोपीवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. गप्प बसली असती, जुन्या प्रोग्रामच्याच मागं लागली असती, तर एखाद्या खेपेला निम्म्या ओळी पांढऱ्या आल्याही असत्या. बारीक बघायचं खूळ तिचं स्वतःचं होतं. आणि आईचं काय चुकलं होतं? तिनं एक गोष्ट जपायची म्हणून जपली, ज्या एका रीतीनं आपल्याकडं गोष्टी जपतात त्या रीतीनं. पिढ्यान् पिढ्या असंच तर जपत आलो आपण सगळं. त्या जपण्यालाच यंत्र आता खोटेपणाची खूण म्हणत होतं.

ती पुन्हा पुण्याला गेली. या खेपेला भांडायला नव्हे. अहवाल पाठवायच्या आधी आणखी एक वाचन मागता येतं, हे तिनं शोधून काढलं होतं. त्या वाचनात ओळ थरथरली तर?

मणेरीकरबाईंनी उठून आधी दार लावून घेतलं. त्यांना हे सांगायला बंदी नव्हती, पण सांगावंसंही वाटत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. पाठ केलेली ओळ कडक असते कारण ती नेहमी एकाच चालीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात म्हटली गेली. हेमांगी म्हणाली, खळ लावलेल्या सुतासारखी. बाई म्हणाल्या, अगदी तशी, आणि खळ धुऊनही काढता येते. ओळ मध्येच तोडायची. शेवटाकडून आठवायची. चाल सोडून द्यायची, शब्द सोडून द्यायचे, सायकलचा रंग आठवायचा, ग्रीसचा वास आठवायचा. कुठलीही आठवण वर काढली की काही तास ती ओली असते, म्हणजे त्या वेळात मेंदू तिच्यात फेरफार करू शकतो. रोज असं केलं तर ओळ सैल पडेल नि ठिपके यायला लागतील.

"पण नीट ऐका. खळ धुतल्यावर खाली सूत निघेल याची हमी मी देत नाही. खाली काहीच नसेल. तुमचं मन तिथं नवंच काहीतरी विणून ठेवील, आणि ते तुम्हाला आठवणच वाटेल. आणि हे धुतलेलं परत कडक होत नाही. आज तुमची खात्री आहे की भाऊ परसात होता. ती खात्री ठेवा किंवा भाऊ सोडवा, असं आहे हे."

"ओळ थरथरली तर दादा सुटेल?"

"सुटेल."

मग विचारायचं काय राहिलं? हेमांगी कामाला लागली. तो उन्हाळा तिनं जो वैताग सोसला तो तिलाच ठाऊक. कापड टेबलावरून सरकायचं नि ती मनात सायकल आणायचा प्रयत्न करायची. सायकल यायच्या आधी वाक्यच येऊन रस्त्यात म्हशीसारखं आडवं उभं राहायचं. भोंगा झाला तेव्हा दादा. ती ते 'दादा'पाशी तोडायची, तर पुढचं आपोआप तोंडात यायचं, एकोणिसाच्या पाढ्यात अडतीस म्हटलं की सत्तावन्न यावं तसं. कापडातले दोष नजरेतून सुटायला लागले, सुपरवायझरची बोलणी खाल्ली. दोन महिने काही हललं नाही. तिला वाटलं, आपल्याकडं या वाक्याखेरीज काहीच नाही, नि तिनं तो विचार तिथल्या तिथं दाबला.

मग एक दिवस डबा खाता खाता तिला वाटलं, सायकल निळी होती. आणि लगेच वाटलं, नाही, लाल होती. इतकी वर्षं सायकलला रंगच नव्हता. तिला आनंद झाला. चेन चढवताना दादाची बोटं काळी झालेली दिसली, ती नळाखाली धुताना दिसली. नळ कुठल्या कोपऱ्यात होता? एकदा डावीकडं, एकदा तुळशीपाशी. वाक्य आता मागं मागं जात चाललं. एका दुपारी ते सबंध म्हणून बघावं असं तिच्या मनात आलं, आणि तिनं म्हटलं नाही.

पाचव्या वाचनात भोंग्याच्या ओळीवर चार ठिपके आले. परसात 'नळापाशी' शिरलं होतं, 'बसवत होता'चं 'बसवत बसला होता' झालं होतं. अर्थ तोच. प्रमाण इतर ओळींएवढंच, निरोगी, मणेरीकरबाईंनी अहवालात लिहिलं. कोर्टानं तो वाचला, मान डोलावली, आणि ज्या ओळीला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं तिच्यावर सुदर्शन तारळेकर सुटला. बाईंनी फोनवर तिचं अभिनंदन केलं. आवाज जरा पडलेला होता, पण हेमांगीला त्याचं काही वाटलं नाही. तिला भाऊ आणायला जायचं होतं.

घरी येऊन दोन दिवस सुदर्शन फारसं बोललाच नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, साठीचा दिसत होता. भिंतीला पाठ टेकवूनच बसायचा. दार लावलं तरी दचकायचा, उघडलं तरी दचकायचा. गल्लीतली माणसं येऊन बघून गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी पेढे द्यायला गेली, आणि हेमांगीनं त्याला वाढलं. भाकरी, मटकीची उसळ, कांदा. तो सावकाश जेवत होता, कुणी ताट ओढून घेईल अशा बेतानं एक हात ताटाला धरून.

"हेमा," तो म्हणाला, "एकदा म्हण की ते."

"काय?"

"ते आपलं. भेटीला यायचीस तेव्हा जाताना काचेतून म्हणायचीस बघ. आत मी तेच म्हणत झोपायचो. काही काही वेळा वाटायचं, सगळं जग म्हणतंय तर लावलीही असेल आपण आग, कुणी सांगावं. मग तुझं ते म्हणायचो. तुला खात्री होती, तेवढ्यावर दिवस काढले."

हेमांगीनं पदराला हात पुसले. किती सोपं होतं. तिनं तोंड उघडलं.

"भोंगा झाला, नि मग दादा परसात आला, नळावर हात धुऊन माझ्या सायकलची..."

ती थांबली. सुदर्शनचा घास हातातच राहिला.

"असं नव्हतं ते," तो म्हणाला.

"मग कसं होतं?"

त्यानं घास खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हटलं. सायझिंगचा भोंगा झाला तेव्हा दादा परसात बसून माझ्या सायकलची चेन बसवत होता. स्वतःलाच दादा म्हणत, स्वतःच्या नसलेल्या सायकलला माझी म्हणत, एक अक्षर इकडचं तिकडं न होऊ देता, पाढ्याच्या चालीत.

हेमांगी त्याच्यासमोर खाली बसली.

"हे माझं वाक्य झालं, दादा. माझ्याकडचं आता गेलं. तुझं सांग. भोंगा झाला तेव्हा तू कुठं होतास?"

सुदर्शननं डोळे उघडले. तो ताटाकडं बघत राहिला, मग परसदाराकडं, मग पुन्हा ताटाकडं.

"मला एवढंच येतं," तो म्हणाला.